मुक्कामी गाडीचा आवाज

प्रिय शोभा,

अंगणातल्या शेडचे खांब मी उभे केले, वेल्डिंगसकट. इंजिन उचलायचा घोडा मी केला. त्याची कप्पी तेवढी जुन्या विहिरीवरची. गाडीखाली उतरायचा खड्डा मी खणला आणि त्याला विटाही मीच लावल्या. त्यातली एक तिरपी बसली, ती कोणती ते तुला ठाऊक आहे, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला तू तीच दाखवायचीस. इंजिन ऐकायच्या सळया केल्या, शिसवीच्या मुठीच्या, मूठ कानामागच्या हाडावर नीट टेकावी म्हणून कितीतरी दिवस घासलेल्या. ट्रकच्या रिमची शेगडी केली, ती तुझ्यासाठी. केतकीचा झोका केला. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. आयटीआयचा कागद माझ्याकडे नाही, मी कोणाचा चेला नव्हतो. बिघडवत बिघडवत शिकलो.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी आधी लिहून काढलं. कारण हे सगळं सोडून द्यायचं की नाही, याचं उत्तर मला काल द्यायचं होतं आणि ते मी दिलं. तुझा भाऊ वर्षश्राद्धाला नागपूरहून येईल आणि तुझ्या फोटोसमोर उभा राहून सांगेलच, "ताई, भाऊजींचं डोकं फिरलं." त्याच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक.

आपल्या जबलपूरच्या बायपासवर नवं सर्व्हिस सेंटर झालं आहे. काचेचं, आत एसी, चहाचं मशीन. त्याचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणतात, दिवाळीनंतर दोनदा घरी येऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की आपलं चेरीतालचं काम बंद करायचं आणि मी त्यांच्याकडे जायचं. शेठ तुझ्या खुर्चीवर बसले होते. मला ते आवडलं नाही.

केतकीला हे बरोबर वाटत होतं. तू गेल्यापासून ती दर महिन्याला नागपूरहून येते, आणि या थंडीत तर रजा टाकून आली आहे. तिचं मराठी तुला माहीत आहे, अर्धं आपलं, अर्धं शाळेतलं. "बाबा, आप अकेले हो. थंडीत पहाटे उठून गाडीखाली काहून झोपता? ते लोक इज्जतीने बोलावून राहिले ना?"

मी तिला म्हटलं, "मला अजून काम येतं."

ती हळूच म्हणाली, "येतं, बाबा. पण आवाज?"

खरा प्रश्न तोच होता, शोभा. तू नसताना मला आवाज सापडतो का?

कानाच्या डॉक्टरकडे मला केतकीनेच नेलं, राइट टाउनमध्ये. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी पहिल्यांदा विचारलं की हे मशीन शेवटचं कधी तपासलं. तपासणाऱ्या बाई हसल्या, पण मी हसत नव्हतो. माझ्याकडे कोणी प्रेशर गेज आणलं तर मी आधी गेज तपासतो, मग टायर. त्यांनी तारीख दाखवली, मशीन ठीक होतं. मग बिघाड राहिला तो माझाच. जाड आवाज मला जवळजवळ पूर्ण ऐकू येतात. बारीक, चिरके, वरच्या पट्टीतले गेले आहेत. उजव्या कानातले अर्धे आणि डाव्यातले जवळपास सगळे. ग्राइंडर, छिन्नी, हातोडा, इतकी वर्षं. कानात कापूस घाल म्हणून तू सांगायचीस, मी घालत नव्हतो, त्याची वेगळी माफी मागत नाही, भोगतोच आहे.

म्हणजे गुरगुर माझी, धडधड माझी, घरघर माझी. शिट्टी, चरचर, टिकटिक आता माझी नाही.

आणि थंडीतली अर्धी दुखणी नेमकी बारीक आवाजाची. दव पडलं की पट्टा किंचाळतो. रबराचे बुश कडक होऊन कुरकुरतात. तेल घट्ट असलं की झडपा हलवणारे टॅपेट वाजतात. हे तू मला शिकवलं नाहीस आणि मी तुला शिकवलं नाही. मुक्कामी गाड्यांनी दोघांना शिकवलं.

ती पद्धत आपलीच होती ना? थंडीतला आवाज थंड गाडीतच असतो. माणूस शहराच्या टोकाच्या खमरियाहून निघतो, आपल्या चेरीतालला पोचेपर्यंत इंजिन तापतं, आवाज गायब. मग तो बिचारा बोनेटसमोर उभा राहून तोंडाने आवाज काढून दाखवतो. म्हणून आपण नियम केला, गाडी रात्री सोडून जा, सकाळी बघू. गल्लीत सगळे म्हणायचे, यांच्याकडे माणसं कमी आणि गाड्या जास्त पाहुण्या येतात. पहाटे मी चावी फिरवायचो आणि तू शेगडीजवळ मटार सोलत बसायचीस, डोळे मिटून. बोटं शेंगेवर, कान गाडीवर. आणि बोलायचीस, "अहो, डब्यात चणे हलून राहिले, उजवीकडे खाली." मी उजवीकडे खाली बघायचो, तर पत्र्याच्या आडोशाचा बोल्ट निघालेला असायचा.

तुझी ती सगळी नावं मला पाठ आहेत. शिलाई मशीन म्हणजे टॅपेट. डब्यातले चणे म्हणजे सैल पत्रा. चिमणी म्हणजे पट्टा. आणि एक होता, जीभ टाळूला लावून कोणी चुकचुकतंय तसा, तो म्हणजे इंजिनातला धूर जोडातून निसटतो आहे. शिलाई मशीन आणि चुकचुकणं यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. दोन्ही थंडीत, दोन्ही गाडी तापली की बंद. तू मटारचा दाणा तोंडात टाकता टाकता सांगायचीस.

तर मागच्या आठवड्यात आपले खमरियाचे पटेल भैया आले. फॅक्टरीतले, तेच, हिरवा मफलरवाले. त्यांच्या गाडीतून रोज सकाळी टिकटिक येते. दुसरीकडे दाखवली, तिथे म्हणाले टॅपेट गेले, इंजिनाचं डोकं उघडावं लागेल. पटेल भैयांचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाले, "दादा, आप एक बार सुन लो, फिर खुलवाएँगे."

सुन लो. ते सहज म्हणून गेले.

त्या रात्री केतकीशी ठरवून टाकलं. ही गाडी मुक्कामी राहील. हा आवाज मी एकट्याने शोधला तर शेठना नाही. नाही सापडला तर खड्डा बुजवायचा, शेड विकायची आणि बायपासला जायचं. ती म्हणाली, "पक्का?" मी म्हटलं, "पक्का. आणि तू मधे बोलायचं नाही. टिकटिक कुठून येते ते सांगायचं नाही."

"पण बाबा, मला तर ऐकू येईल ना."

"तुझे कान तू नागपूरला घेऊन जाणार आहेस. मला इथलं बघू दे."

तिला ते लागलं. चेहऱ्यावरून कळलं. पण खोटं नव्हतं.

पहिली सकाळ वाया गेली. धुकं इतकं की गल्लीचं तोंड दिसत नव्हतं. चावी फिरवली, इंजिन उठलं, मी सळई घेऊन वाकलो. टॅपेटच्या झाकणावर टेकवली, कडेला टेकवली, खाली टेकवली. मुठीतून इंजिन माझ्या डोक्यात धडधडत होतं, अगदी स्वच्छ, पण त्यात जी टिकटिक असायला हवी होती ती मला मिळेना. केतकी दारात शाल घेऊन उभी होती, ओठ आत दाबून. मग तिने मान हलवली. आवाज थांबला होता. गाडी तापली. इतका वेळ मी जे ऐकत होतो ते काय होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते फक्त आपल्याच घरात होऊ शकतं. मी तोंड धुऊन बाहेर आलो तर गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, बोनेटमधून वाफ, आणि केतकी चावी हातात घेऊन खुशीत.

"बाबा, तिकडे ऊन येतं ना पहिलं. म्हटलं तुम्ही उन्हात काम करा. हाथ जम जाते आपके."

मी बोनेटवर हात ठेवला. गरम.

"किती वेळ चालू होती?"

"थोडीच. ती बंद पडून राहिली होती म्हणून जरा रेस दिली."

मला खूप काही बोलायचं होतं. तू असतीस तर तू हसली असतीस आणि मग मलाही हसावं लागलं असतं. मी म्हटलं, "चहा दे." तिला दुपारी कळलं की तिने काय केलं, तेव्हा ती रडायला लागली, मग तिची समजूत काढत बसलो. थंडीतली एक सकाळ उन्हासाठी गेली. मुलगी तुझी आहे, प्रेम करते तेही गाडी तापवून.

पण तो दिवस मी फुकट जाऊ दिला नाही. संध्याकाळपर्यंत इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. मग झाकण उघडून प्रत्येक टॅपेटची फट पातीने मोजली. एकेक करून, हाताने इंजिन फिरवत. पाती सगळीकडे जशी घासून जायला हवी तशीच गेली. एकही ढिला नाही. टॅपेटला आवाज करायला कारणच नव्हतं. तिकडे त्यांनी डोकं उघडलं असतं, पैसे घेतले असते आणि गाडी परत टिकटिकत खमरियाला गेली असती. मी झाकण लावलं आणि बऱ्याच दिवसांनी जेवण नीट गेलं.

त्याच संध्याकाळी पटेल भैया चौकशीला आले. खोव्याची जलेबी घेऊन. मी हात पुसत होतो. ते आले ते माझ्या उजवीकडून, वळसा घालून. माझ्या डाव्या बाजूला मोकळी जागा होती, तिथून येणं सोपं होतं, पण ते खड्ड्याला वळसा घालून उजवीकडे आले आणि मोठ्याने बोलले, "कुछ पता चला दादा?"

मला काहीतरी लक्षात आलं. मी विचारलं, "भैया, आप उधर से क्यों आए?"

ते गडबडले. मफलर सारखा केला. म्हणाले, "वो तो भाभीजी ने कह रखा था न. दादा से बाईं तरफ़ खड़े होके बात मत करना, और आवाज़ के बारे में पहले मुझे बता देना, मैं उनको बता दूँगी."

"कब कहा था?"

"अरे, हो गए कुछ साल. सबको कहा था भाभीजी ने. इसमें बुरा मानने का क्या है?"

शोभा, सगळ्यांना?

मी जलेबी घेतली, त्यांना चहा पाजला, पाठवलं. मग शेडमध्ये येऊन बसलो आणि एकेक गोष्ट आठवू लागली, आणि आठवली की तिची जागा बदलू लागली. कुकरच्या शिट्ट्या मोजायला तू मला सांगणं बंद केलंस. मला वाटलं, माझ्यावरचं काम कमी केलंस. फोन वाजला की तूच धावायचीस. मला वाटलं, माहेरच्या फोनची वाट बघतेस. आणि गाडीत आवाज आला की माझ्या तोंडून काही निघायच्या आत तू नाव सांगून मोकळी व्हायचीस. मला वाटायचं तू उतावळी. तू उतावळी नव्हतीस. मला "ऐकू येत नाही" म्हणायची वेळ येऊ नये म्हणून तू घाई करत होतीस.

सांगायचं होतंस ना मला. आपण सळया एकत्र घासल्या, खड्ड्यातलं पाणी एकत्र उपसलं, मला एवढं सांगितलं असतंस तर मी काय मोडून पडलो असतो? पडलो असतो कदाचित. एक दिवस चिडलो असतो, आठ दिवस तोंड पाडलं असतं. मग काहीतरी तोड काढली असती. मला तोड काढता येते, तेच तर मला येतं. ती संधी तू मला दिली नाहीस. अख्ख्या खमरियाला माहीत होतं आणि मी मात्र गाड्यांसमोर छाती काढून उभा.

राग आला. खरं सांगतो, तुझ्यावर आला. त्या रागात वाटलं, जावं शेठकडे. निदान तिथे कोणाला मला सांभाळून घ्यायची गरज पडणार नाही, कारण तिथे माझं कामच नसेल. शेठ पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, "दादा, आपको गाड़ी को हाथ भी नहीं लगाना है. बस सफ़ेद शर्ट पहन के खड़े रहना है. लोग आपका चेहरा देख के आएँगे." तेव्हा ते मला टोचलं होतं. त्या संध्याकाळी ते सोयीचं वाटलं.

केतकी जेवायला बोलवायला आली. मला तसं बसलेलं बघून समोरच्या टायरवर बसली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"आई फोनवर बोलायची, 'बाबांना दे' म्हटलं की म्हणायची, ते कामात आहेत, मलाच सांग. मग कळलं." पुढे म्हणाली, "आई म्हणायची, बाबांचे कान गेले तरी चालेल, अकड जाऊ नये."

"असं म्हणाली?"

"हो. और हँसती थी."

अकड. हाच शब्द वापरलास?

मग मी थोडा वेळ विचार केला, आणि माझा राग कुठे चुकतो आहे ते मला दिसायला लागलं. टिकटिक मला ऐकू येत नाही, ठीक. पण टिकटिक हवेत तयार होत नाही. काहीतरी हलतं, निसटतं, आपटतं, तेव्हा ती होते. आवाज म्हणजे बातमी. ती कानापर्यंत पोचत नसेल, तर घटना जिथे घडते तिथे जाऊन बघायचं. टॅपेट बाद झाले होते. उरलं चुकचुकणं. म्हणजे धूर. म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा तो बिडाचा पंजा, मॅनिफोल्ड, त्याचा जोड कुठेतरी उघडा आहे. थंडीत फट असते, तापलं की लोखंड फुगतं आणि फट मिटते. फुंकर असणार. आणि फुंकर डोळ्यांना दिसू शकते.

तिसऱ्या पहाटे मी सगळी तयारी आधी केली. पंजावरचा पत्र्याचा आडोसा काढला. पेट्रोलच्या नळ्या, जोड, सगळे हाताने आणि नाकाने तपासले. कुठे ओल नाही, वास नाही, याची खात्री झाल्याशिवाय जळती वस्तू इंजिनाजवळ नेणारा माणूस मी नव्हे. शेडची दोन्ही बाजूंची ताडपत्री खाली सोडली, म्हणजे वारा नको. तुझ्या देवघरातली उदबत्ती घेतली. केतकीला स्टिअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, मी हात वर केला की चावी, आणि ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही.

"रेस नाही देणार बाबा, कसम से."

हात वर केला. इंजिन उठलं. पंखा गार इंजिनाला फिरत नाही, त्यामुळे हवा उभी होती. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, दोऱ्यासारखा. पहिल्या नंबरच्या जोडावर नेली, दोरा सरळ. दुसऱ्यावर नेली, सरळ. तिसऱ्याच्या खालच्या बाजूला नेली आणि दोरा तुटला. तुटला, जुळला, तुटला, जुळला. कोणीतरी पलीकडून बारीक बारीक फुंका मारत होतं. एकसारख्या, ठेक्यात.

तुझं चुकचुकणं मी डोळ्यांनी बघत होतो, शोभा.

बोट जवळ नेलं, अजून भाजण्याइतकं तापलं नव्हतं. बोटाला त्या फुंका लागत होत्या. बघता बघता त्या मऊ झाल्या, विरळ झाल्या आणि धूर परत सरळ उभा राहिला. त्याच क्षणी केतकी गाडीतून म्हणाली, "बाबा, आवाज बंद झाला." न राहवून म्हणाली. मी म्हटलं, "मला माहीत आहे." आणि मला खरंच माहीत होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की ते लिहिता येत नाही.

तरी माझं समाधान झालं नाही. एका सकाळवर मी कोणाच्या गाडीचा निकाल लावत नाही. चौथ्या दिवशी गार इंजिनावर तिसऱ्या नंबरच्या प्लगची वायर आधीच काढून ठेवली, म्हणजे तिथे ठिणगी नको, आणि मग चालू केलं. थोडंच, जेवढं लागेल तेवढं. इंजिन लंगडत चाललं, उदबत्ती तिथेच धरली, दोरा नुसता थरथरला, तुटला नाही. म्हणजे फुंकर तिसऱ्याचीच. आता कोणीही येऊन विचारावं.

पंजा उतरवला तेव्हा सगळं समोरच होतं. तिसऱ्या नंबरचा खालचा स्टड, पंजा आवळून धरणारा, आतल्या आत मोडलेला, आणि पॅकिंगवर काजळाची रेघ, काजळ घालताना हात हलला की निघते तशी. मोडका स्टड काढायला अर्धा दिवस गेला. घाई केली असती तर आटे गेले असते. तेल सोडलं, ठोकलं, वाट बघितली, परत तेल सोडलं. तो निघाला तेव्हा मी तो कपड्याने पुसून केतकीच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "इतकासा?" हो, इतकासा. पंजाचं तोंड कानशीने सपाट केलं, नवं पॅकिंग, नवा स्टड, आणि बोल्ट मधून बाहेर या क्रमाने आवळले.

गाडी अजून एक रात्र मुक्कामी ठेवली. पटेल भैयांना मुद्दाम पहाटे बोलावलं. ते मफलर कानावरून काढून बोनेटपाशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"दादा, कुछ नहीं है."

"ठीक से सुनो. मुझे तो वैसे भी ये वाली आवाज़ सुनाई नहीं देती."

ते सरळ झाले, माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बाईं तरफ़ से बोलोगे तो आप भी नहीं सुनाई दोगे. पर गाड़ी ठीक हो गई ना?"

मग ते हसायला लागले, आणि मीही. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्या तोंडाने बोललो. काही कोसळलं नाही. शेड जागेवर होती.

पटेल भैया जाताना म्हणाले, "भाभीजी होतीं तो क्या कहतीं?" मी म्हटलं, "कहतीं, मटर छीलो."

आता तुला द्यायचा शब्द. डॉक्टरांनी सांगितलेलं कानाचं मशीन मी घेणार. घरात लावणार, केतकीचा फोन मीच उचलणार, आणि कुकरच्या शिट्ट्या मीच मोजणार. कामावर लावणार नाही, कारण तिथे ते ग्राइंडर आणि टॅपेट एकाच मापाने मोठं करतं. मी चाचणीपुरतं आणून शेडमध्ये लावून बघितलं आहे, ऐकीव बोलत नाही. कामाला माझ्याकडे डोळे आहेत, बोटं आहेत, सळया आहेत. जो कोणी गाडी घेऊन येईल, त्याला बोनेट उघडण्याआधी मी स्वतः सांगणार की मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, गाडी मुक्कामी ठेवावी लागेल, पटलं तर ठेवा. जो जाईल तो जाईल. तुला आता माझ्या वतीने कोणाला काही सांगून ठेवायची गरज नाही. आणि ग्राइंडर लावताना कानात कापूस घालेन. उरलंय तेवढं तरी राहील.

काल शेठ उत्तर घ्यायला आले. त्यांना मी आधी खड्डा दाखवला, मग बाजूच्या स्टुलावर बसवलं. कागद त्यांनी पुढे केला, सफेद शर्टाचं माप पण लिहून आणलं होतं. केतकी चहा घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी कागद पूर्ण वाचला, दोनदा, चष्मा लावून, मग घडी करून त्यांच्या हातात परत दिला. काम बंद करायचं, गाडीला हात लावायचा नाही, सकाळी दहा ते सहा उभं राहायचं, आणि महिन्याला पंचेचाळीस हजार रुपये. मी नाही म्हटलं.

तुझा,
विनायक
चेरीताल, जबलपूर